लॉजचे गरम पाणी आणि उसाचे बिल



आपल्या बातमीपत्रात लागण, खोडवा, बेणे प्रक्रिया, ठिबक यांबद्दल आपण नेहमी वाचता. या अंकात विषय जरा निराळा आहे: लॉज, भक्तनिवास, हॉटेल व मंगल कार्यालय यांच्यासाठी गरम पाण्याची यंत्रे कशी निवडावीत आणि त्यासाठी कर्ज कसे घ्यावे. साखर कारखान्याच्या पत्रकात हे कशाला, असे काहींना वाटेल. पण अहिल्यानगर जिल्ह्यात, विशेषतः राहाता-कोपरगाव पट्ट्यात, उसाच्या पैशातून रस्त्यालगत दहा-वीस खोल्या बांधलेले सभासद थोडे नाहीत. शिंगणापूरच्या वाटेवर आणि भंडारदऱ्याकडेही तोच प्रकार आहे. लॉज चालला तर आनंदच आहे. मात्र लॉजचे कर्ज जेव्हा उसाच्या बिलावर येऊन बसते तेव्हा तो विषय कारखान्याचा होतो. म्हणून हा प्रपंच.

नानांचे पत्र

मागच्या हंगामात आमच्या गट ऑफिसात एक जुने सभासद आले. त्यांचे नाव सांगत नाही, आपण नाना म्हणू. शिर्डीत त्यांचा वीस खोल्यांचा लॉज आहे.

"साहेब, ऊसबिलातून कपातीचं पत्र तेवढं द्या."

"कशासाठी हो नाना?"

"लॉजवर सोलर बसवायचाय. तीन हजार लिटरचा. कंपनीचा माणूस म्हणला, एकदा बसवा न् विसरून जा."

दरपत्रक पाहिले. पाच लाख चाळीस हजार रुपये. पाच वर्षांची मुदत, व्याज शेकडा १०, तेही सरळ पद्धतीने. महिन्याचा हप्ता १३,५०० रुपये.

आम्ही विचारले, "नाना, रोज गरम पाणी लागतं किती?"

नाना हसले. "ते कोण मोजतंय? गिऱ्हाईक येतंय, नळ सोडतंय."

उसाच्या काट्यावर दहा किलोचा फरक वाटला तर आपण गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला लावतो. दूध लिटरवर आणि फॅटवर मोजून घालतो. आणि पाच लाखांचे यंत्र मात्र पाणी न मोजता घ्यायला निघतो! आम्ही म्हटले, नाना, पत्राचे नंतर बघू. आधी आठ दिवस पाणी मोजू.

पहिला धडा: पाण्याचा काटा

मोजणे सोपे आहे. गरम पाण्याची सामायिक टाकी असेल तर तिच्याकडे जाणाऱ्या थंड पाण्याच्या नळावर साधे पाण्याचे मीटर बसवावे आणि रोज एका ठरावीक वेळी वाचन वहीत लिहावे. खोलीखोलीत गिझर असतील तर माणसांवरून हिशेब करावा. तो असा.

आंघोळीचे पाणी साधारण ४० अंश सेल्सिअसचे लागते. टाकीतले पाणी ६० अंशांचे आणि थंड पाणी २० अंशांचे असेल तर निम्मे-निम्मे मिसळले की ४० अंश होते. एका माणसाला दोन बादल्या, म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी लागले, तर त्यात टाकीतले गरम पाणी २० लिटर. शॉवर असेल तर मिनिटाला १० लिटर प्रमाणे आठ मिनिटांत ८० लिटर पाणी जाते आणि त्यात टाकीतले गरम ४० लिटर. म्हणजे नुसती बादली की शॉवर, एवढ्या एका गोष्टीने यंत्राचा आकार दुप्पट होतो.

नानांकडे बादल्या आहेत. वीस खोल्या, खोलीत तीन माणसे, लॉज पूर्ण भरला तर ६० माणसे. ६० गुणिले २०, म्हणजे १,२०० लिटर. नळातली गळती, भांडी धुणे वगैरे धरून १,५०० लिटर समजा. हा झाला गर्दीचा दिवस. पण रजिस्टर काढून पाहिले तर वर्षाची सरासरी निम्म्या खोल्यांचीच निघाली. म्हणजे रोजची सरासरी ७५० लिटर. आठ दिवसांच्या मोजणीतही आकडा त्याच्या आसपासच आला.

विक्रेत्याने सुचविलेले यंत्र ३,००० लिटरचे होते. सरासरीच्या चौपट आणि गर्दीच्या दिवसाच्याही दुप्पट.

दुसरा धडा: उष्णतेचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. एवढ्या दोन आकड्यांवर सगळा हिशेब उभा राहतो.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे तर ४,००० किलोकॅलरी लागतात. त्याचा खर्च निरनिराळ्या पद्धतींनी किती येतो ते पाहू. दर आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. आपल्या बिलावरचा व आपल्या गावचा दर घालून प्रत्येकाने आकडे पुन्हा काढावेत.

विजेचा गिझर: उष्णतेची थोडी गळती धरून ५.२ युनिटे. युनिटला १२ रुपये धरले तर ६२ रुपये.

गॅसचा गिझर: गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. त्यातल्या शेकडा ८० पाण्याला मिळाल्या तर सुमारे ४५५ ग्रॅम गॅस लागतो. १९ किलोची व्यापारी टाकी १,८०० रुपये धरली तर ४३ रुपये.

लाकडाचा बंब किंवा चुलाण: किलोला ३,५०० किलोकॅलरी, पण त्यातली शेकडा ३० पाण्याला लागली तरी पुष्कळ. पावणेचार किलो लाकूड, ६ रुपये भावाने २३ रुपये. पेटवणाऱ्याची मजुरी, धूर आणि राख वेगळी.

हीट पंप: हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. फ्रिज उलटा फिरवावा तसे याचे काम आहे. विजेच्या एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. पंप व गळती धरून १.७ युनिटे, म्हणजे २० रुपये.

सौर बंब: ऊन असेल त्या दिवशी इंधनखर्च शून्य. ऊन नसेल त्या दिवशी जे पर्यायी साधन असेल त्याचा खर्च.

हे आकडे वाचून कोणी लगेच म्हणेल की सौरच घ्या, त्यात काय विचार करायचा! थोडे थांबावे. इंधनाचा खर्च हा अर्धाच हिशेब झाला. यंत्राची किंमत, व्याज, आणि पाणी नेमके केव्हा लागते हा उरलेला अर्धा.

तिसरा धडा: पाणी केव्हा लागते?

शिर्डीत काकड आरतीला जाणारा भाविक सूर्य उगवायच्या आत आंघोळ उरकतो. म्हणजे सौर बंबाचे पाणी काल दुपारी तापलेले आणि रात्रभर टाकीत राहिलेले असते. म्हणून सौर संचात काचेच्या नळ्यांइतकीच टाकीभोवतालच्या उष्णतारोधक थराला किंमत आहे. दरपत्रक घेताना नळ्या किती एवढेच न विचारता, संध्याकाळी ६० अंशांवर असलेले पाणी पहाटे चारला किती अंशांवर राहील हे विचारावे व लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट गर्दीच्या दिवसांची. गुरुपौर्णिमा येते आषाढात, आभाळ भरलेले असते. नाताळ ते नववर्षाची गर्दी ऐन थंडीत, दिवस लहान आणि पाणी जास्त गार. म्हणजे पाणी सर्वांत जास्त लागते तेव्हाच सूर्य सर्वांत कमी देतो. उलट एप्रिल-मेमध्ये रामनवमीनंतर ऊन रणरणते, पण गच्चीवरच्या टाकीतले साधे पाणीच कोमट झालेले असते. त्या दिवसांत सौर बंबाचे ८० अंशांचे पाणी कोणाला नको असते, आणि लहान मुलाचा हात भाजण्याची भीती मात्र असते. त्यासाठी गरम-थंड आपोआप मिसळणारा वॉल्व बसवावा.

यावर उपाय म्हणून तिप्पट मोठा सौर संच घेणे हे चुकीचे. योग्य उपाय आपल्या शेजारीच आहे. श्री साईबाबा संस्थानने २००९ साली प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ मोठ्या परावर्तक तबकड्या बसविल्या. प्रत्येक तबकडी सुमारे १६ चौरस मीटरची. त्या सूर्याकडे वळत राहतात, त्यांच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक शिजतो. एवढा मोठा संच बसविला तरी संस्थानने गॅसवरचा बॉयलर काढून टाकला नाही. सौर वाफ त्याच यंत्रणेला जोडली. ऊन असेल तर सूर्याची वाफ, नसेल तर गॅसची. भाविकाच्या ताटात भात वेळेवर पडतो.

लहान लॉजलाही हाच नियम लागू. सौर संच सरासरी दिवसाच्या मापाचा घ्यावा आणि गर्दीच्या दिवसासाठी जुने गिझर जागेवर राहू द्यावेत. नानांच्या लॉजमध्ये गर्दीच्या दिवशी १,५०० लिटर लागले आणि सौर संचाने १,००० लिटर दिले, तर उरलेल्या ५०० लिटरला विजेचा खर्च ३१० रुपये येईल. पण त्या दिवशी वीसही खोल्या भरलेल्या असतात! तीनशे रुपये वाचविण्यासाठी तीन लाखांचे कर्ज काढणे हा धंद्याचा हिशेब नव्हे.

जागा बदलली की निवडही बदलते. भंडारदऱ्याकडे पाऊसकाळात पर्यटक येतात आणि आभाळ आठवडा-आठवडा उघडत नाही. तिथे हीट पंप किंवा गॅस बरा. गच्ची लहान असेल किंवा शेजारच्या इमारतीची सावली पडत असेल तिथेही हीट पंपाचा विचार करावा. तो दुपारी, हवा उबदार असताना चालवून टाकी भरून ठेवावी. पहाटेच्या गार हवेत त्याला जास्त वीज लागते. मंगल कार्यालयाला वर्षातले चाळीस-पन्नास दिवसच गरम पाणी लागते. तिथे महागडे यंत्र बसवून वर्षभर व्याज भरण्यापेक्षा गॅस किंवा चांगल्या बांधणीचे चुलाण पुरते.

चौथा धडा: क्षार, नळ आणि स्लॅब

ठिबकच्या नळ्यांवर पांढरा थर बसतो आणि आपण त्या आम्ल प्रक्रियेने साफ करतो. कारखान्यातही इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत क्षार बसले की वाफ जास्त खर्च होते, म्हणून त्या साफ कराव्या लागतात. तेच बोअरचे पाणी लॉजच्या गिझरमध्ये जाते. पाणी ६० अंशांच्या वर तापले की क्षार भराभर बसतात. कॉइलवर थर चढला की वीज जास्त जाते आणि एक दिवस कॉइल जळते.

म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. पाणी जड असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट सौर संच थेट त्या पाण्यावर लावू नये. त्या नळ्या चोंदतात. काचेच्या निर्वात नळ्यांचा संच जड पाण्याला जास्त दिवस टिकतो, पण त्याच्याही तळाशी गाळ साचतो आणि तो वर्षातून एकदा काढावा लागतो. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचा पत्रा वाचविते. ती दरवर्षी उघडून पाहावी. कांडीला थोडे पैसे पडतात, टाकीला लाखाने पडतात.

नळाची लांबी मोजावी. २० मिलिमीटर व्यासाच्या तीस मीटर नळात सुमारे साडेनऊ लिटर पाणी उभे असते. पहाटे तळमजल्यावरच्या भाविकाने नळ सोडला की एवढे थंड पाणी आधी वाहून जाते. वीस खोल्यांत मिळून रोज दोनशे लिटर! आपल्यासारख्या टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात हे शोभत नाही. नळाला उष्णतारोधक वेष्टन घालावे, आणि अंतर फार असेल तर पाणी फिरते ठेवणारी परतीची लाइन व छोटा पंप बसवावा.

स्लॅबचेही पाहावे. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी खांबांवर किंवा बीमवर येईल अशी ठेवावी, स्लॅबच्या मध्यावर नको. संचाचे तोंड दक्षिणेकडे असावे. आपला अक्षांश पावणेवीसच्या आसपास आहे. हिवाळ्यात जास्त ऊन मिळावे म्हणून उतार ३० ते ३५ अंशांचा ठेवावा.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. गिझर बाहेर मोकळ्या हवेत असावा. तसेच घरगुती लाल टाकी लॉजला वापरणे बेकायदा आहे. विजेच्या गिझरला अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच हवाच. जुन्या वायरिंगवर नवा गिझर चढवू नये.

पाचवा धडा: हप्ता कोणी फेडायचा?

आता मुद्द्याची गोष्ट. कर्ज काढणे पाप नाही. आपला सहकारच कर्जावर आणि भागभांडवलावर उभा राहिला. प्रवरानगरचा कारखाना पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला तेव्हाही कर्ज होतेच. पण ते ज्या यंत्रासाठी काढले त्याच यंत्राच्या कमाईतून फेडायचे ठरले होते. लॉजलाही हीच कसोटी लावावी.

नानांची बचत किती? वर्षाचे ३६५ दिवस धरू नयेत. उन्हाळ्यात मागणी कमी. पूर्ण खर्चाचे २४० दिवस धरले. विजेवर ७५० लिटरला रोज ४६५ रुपये, म्हणजे वर्षाला १,११,६०० रुपये. सौर संच बसविला तरी त्यातले ६० दिवस ढगाळ धरले, तेव्हा विजेचा खर्च २७,९०० रुपये राहील. बचत ८३,७०० रुपये. साफसफाई व दुरुस्तीचे ८,७०० वजा केले तर हातात ७५,००० रुपये वर्षाला, म्हणजे महिन्याला ६,२५०.

ध्यानात घ्या, ही बचत १,००० लिटरच्या संचात होते आणि ३,००० लिटरच्या संचातही जवळजवळ तेवढीच होते. जे पाणी वापरलेच जात नाही ते तापवून काही वाचत नाही. विक्रेत्याच्या कर्जाचा हप्ता १३,५००, बचत ६,२५०. दर महिन्याला ७,२५० रुपये कुठून येणार? ऊसबिलातून. वर्षाचे झाले ८७,००० रुपये. टनाला ३,००० रुपये धरले तर २९ टन ऊस. पाच वर्षांत १४५ टन ऊस नानांनी नुसता न लागणाऱ्या गरम पाण्यापायी घातला असता.

उलट १,००० लिटरचा संच नळजोडणीसह दोन लाखांना धरला, पन्नास हजार स्वतःचे घातले आणि दीड लाख कर्ज द.सा.द.शे. १२ ने घटत्या शिलकीवर तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४,९८२ रुपये येतो. बचतीतून हप्ता फिटतो आणि वर महिन्याला बाराशे-साडेबाराशे रुपये उरतात.

इथे एक डाव ओळखायला शिकले पाहिजे. "आमचं व्याज फक्त दहा टक्के, बँक बारा घेते," असे विक्रेता म्हणतो. दहा टक्के सरळ याचा अर्थ असा की तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावरच लागते. दीड लाखावर तीन वर्षांचे सरळ व्याज ४५,००० रुपये, हप्ता ५,४१७. बँकेच्या घटत्या शिलकीच्या १२ टक्क्यांत तेच व्याज सुमारे २९,३५० रुपये. म्हणजे सरळ दहा टक्के हे घटत्या शिलकीवरचे जवळजवळ अठरा टक्के होतात! म्हणून व्याजाचा दर विचारू नये. हप्ता किती, हप्ते किती आणि एकूण भरणा किती, हे तीन आकडे विचारावेत व गुणाकार स्वतः करावा.

अनुदानाच्या गोष्टीही जपून ऐकाव्यात. संस्थानने २००९ मध्ये संच बसविला तेव्हा सुमारे १ कोटी ३३ लाखांच्या खर्चात केंद्र सरकारचे ५८ लाखांवर अनुदान होते. सौर बंबासाठीचे केंद्राचे अनुदान २०१४ साली बंद झाले. २०२४ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना घरगुती छतावरच्या सौर विजेसाठी आहे, लॉजच्या सौर बंबासाठी नाही. तेव्हा "सबसिडी मिळवून देतो, आधी अर्जाचे पैसे भरा" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटे लावावे. जीएसटीचेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. म्हणून दरपत्रकांची तुलना करताना करासह किंमत धरावी.

कर्ज कुठून घ्यावे? बँक असो, पतसंस्था असो, तारण यंत्राचे आणि लॉजच्या उत्पन्नाचे द्यावे. लहान व्यवसायाला मुद्रा योजनेत बिनातारण कर्जही मिळू शकते. हप्ते तिमाही मागून पाहावेत. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुटीत लॉजचा गल्ला भरतो, परीक्षांच्या दिवसांत तो रिकामा असतो. हप्ता गल्ल्याच्या चालीने असावा.

उसाचे बिल का बांधू नये

१७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले. उघडले १६ नोव्हेंबरला. आठ महिने! पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये बंद झाले ते ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. त्या काळात शिर्डीतल्या खोल्या, हॉटेले, हारफुलांची दुकाने यांची काय अवस्था झाली ती आपण डोळ्यांनी पाहिली आहे. पण शेतात ऊस उभा होता आणि गाळपही झाले. ज्यांचे ऊसबिल मोकळे होते त्यांच्या घरातली चूल त्या बिलावर पेटली. ज्यांनी लॉजच्या कर्जाला ऊसबिल बांधून ठेवले होते, त्यांचे दोन्ही डोळे एकदम गेले.

एका घरात दोन धंदे असतात ते एक बुडाला तर दुसऱ्याने हात द्यावा म्हणून. दोघांना एकाच दोरीने बांधले तर दोघे एकदमच बुडतात. उसाच्या बिलावर आधीच पीककर्ज, खते, पाणीपट्टी आणि पोरांची फी उभी असते. त्या रांगेत लॉजचा गिझर नेऊन उभा करू नये.

मग नानांनी काय केले?

नानांनी १,००० लिटरचा काचेच्या नळ्यांचा संच घेतला. तीन ठिकाणची दरपत्रके आणली. जुने गिझर ठेवले आणि प्लंबरकडून बायपास वॉल्व बसवून घेतले. पन्नास हजार घरचे घातले, दीड लाख तारणावर घेतले. ऊसबिलातून कपातीचे पत्र आमच्या टेबलावर तसेच कोरे राहिले. आता पाण्याच्या वाचनाची वही नानांची सून ठेवते आणि सासऱ्याला दर आठवड्याला आकडा सांगते. नाना म्हणतात, "साहेब, आता पाण्याचाबी काटा झाला."

ज्या सभासदांचा असा व्यवसाय आहे त्यांनी सही करण्यापूर्वी एवढे करावे:

१. आठ दिवस पाणी मोजावे. त्यात एक गुरुवार व एक रविवार असावा. वर्षाची सरासरी रजिस्टरवरून काढावी.

२. बोअरचे व नळाचे पाणी तपासून घ्यावे.

३. यंत्र सरासरी दिवसाच्या मापाने, थोडी वाढ धरून घ्यावे. गर्दीच्या दिवसासाठी जुने साधन ठेवावे.

४. तीन दरपत्रके घ्यावीत. करासह किंमत, हमीची वर्षे आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल हे लिहून घ्यावे.

५. महिन्याच्या बचतीपेक्षा हप्ता मोठा असेल तर यंत्र लहान करावे किंवा घरचा पैसा वाढवावा. मुदत वाढवून समाधान करून घेऊ नये.

६. ऊसबिल बांधू नये.

हिशेब जमत नसेल तर विजेची वर्षाची बिले, लॉजचे रजिस्टर आणि दरपत्रक घेऊन गट ऑफिसात यावे. आपण टेबलावर बसून मिळून करू. तासाभराचे काम आहे. आणि येताना सूनबाईंना किंवा शिकत्या मुलाला बरोबर आणावे, कारण वही पुढे त्यांनाच ठेवायची आहे.

कळावे.